न्या. गजेंद्रगडकर : साताऱ्याचे सरन्यायाधीश आणि कराचा वाद

सातारा/सांगली, खास प्रतिनिधी :

सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीखालच्या पेवांत हळद साठविण्याची पद्धत जुनी आहे. समजा, एखाद्या अडत्याच्या पेवातील पोती आणि त्याच्या खतावणीतील आकडा यांचा मेळ बसला नाही. कर अधिकारी येतात, वह्या ताब्यात घेतात, विक्री लपवून कर चुकविला असा निष्कर्ष काढतात आणि करासह दंडाची नोटीस बजावतात. माल आपला नसून शेतकऱ्याने ठेवायला दिलेला आहे, असे अडत्याचे म्हणणे असते. अशा वादात न्यायालयाने किती खोल शिरावे? अधिकाऱ्याला आलेला संशय न्यायाधीशाने स्वतः तपासून पाहावा की अधिकाऱ्याच्या अनुभवावर सोपवून द्यावा? आणि दाद मागायची तर ती कोठे, सांगलीच्या दिवाणी न्यायालयात की थेट उच्च न्यायालयात?

देशातील न्यायालये आजही ज्या निकालांच्या आधारे या प्रश्नांची उत्तरे शोधतात, त्यांतील काही महत्त्वाचे निकाल साताऱ्यात जन्मलेल्या एका न्यायमूर्तींनी लिहिले आहेत. त्यांचे नाव प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. १९६४ ते १९६६ या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते. कामगारांचे न्यायाधीश म्हणून त्यांची ख्याती झाली आणि ती योग्यच आहे. मात्र कर, जकात आणि करचुकवेगिरी यांविषयीच्या त्यांच्या कामाकडे कायद्याच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

प्रल्हादरावांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यात झाला. घराणे मूळचे गजेंद्रगडचे. हे गाव तेव्हा धारवाड जिल्ह्यात होते, आज ते कर्नाटकातील गदग जिल्ह्यात आहे. संस्कृत विद्येच्या निमित्ताने दक्षिणेतून साताऱ्यास येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांपैकी हे एक. एकोणिसाव्या शतकात राघवेंद्राचार्य गजेंद्रगडकर या व्याकरणकारांमुळे हे आडनाव साताऱ्याबाहेरच्या पंडितांनाही परिचित झाले होते. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. घरात शब्दाचा अर्थ लावण्याचे वळण होते. सूत्रात एखादा शब्द का आला आणि दुसरा का आला नाही, यावर तासन् तास चर्चा करणाऱ्या परंपरेत वाढलेला हा मुलगा पुढे करकायद्यातील एकेका शब्दाचा कीस पाडू लागला, यात नवल नाही.

साताऱ्याला न्यायदानाचा अभिमान आहे, तो प्रामुख्याने रामशास्त्री प्रभुण्यांमुळे. शहरालगतच्या माहुलीचे हे न्यायाधीश नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या प्रकरणात रघुनाथरावांना दोषी ठरविण्यास कचरले नाहीत, ही गोष्ट येथील शाळकरी मुलांनाही सांगता येते. गजेंद्रगडकरांची गोष्ट तशी सांगता येण्याजोगी नाही. तीत खून नाही, भरदरबारातील प्रसंग नाही. तीत आहेत विक्रीकराची विवरणपत्रे, जप्त केलेले सोने आणि परताव्याचे दावे. कदाचित म्हणूनच ती फारशी सांगितली गेली नसावी.

साताऱ्यातील शालेय शिक्षण आटोपल्यावर १९१८ साली ते धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात गेले आणि दोन वर्षांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दाखल झाले. तेथून एम. ए. केल्यानंतर त्यांनी पुण्याच्याच विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली आणि १९२६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली सुरू केली. ही अपील शाखा समजून घेतली पाहिजे. मुंबई शहरातील बड्या व्यापारी कंपन्यांचे दावे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत चालत आणि तेथे बॅरिस्टरांचा दबदबा असे. सातारा, सोलापूर, धारवाड, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतून येणारी अपिले अपील शाखेत चालत. वतने, दत्तकविधाने, सावकारी गहाणखते, बांधावरची भांडणे असे त्यांचे स्वरूप असे. मोफसलच्या पक्षकाराला मुंबईपर्यंत येताना काय सोसावे लागते, हे एकोणीस वर्षे त्यांनी या शाखेत पाहिले. याच काळात त्यांनी हिंदू कायद्यावरील एका त्रैमासिकाचे संपादन केले आणि 'दत्तकमीमांसा' या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध केली.

मार्च १९४५ मध्ये त्यांची उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून नियुक्ती झाली. सरन्यायाधीश म. क. छागला यांच्यासमवेत १९५१ साली त्यांनी द्विभार्याप्रतिबंधक कायदा वैध ठरविणारा निकाल दिला. तो आजही विधी महाविद्यालयांत शिकविला जातो. परंतु या लेखाच्या दृष्टीने त्या दशकातील महत्त्वाची घटना ही राज्यघटना होय.

१९५० पूर्वी साताऱ्यातील व्यापाऱ्याला कर अधिकाऱ्याविरुद्ध उच्च न्यायालयातून रिट मिळविणे जवळजवळ अशक्य होते. सर्शिओरारी, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचा निर्णय मागवून तो रद्द करण्याचा आदेश, काढण्याचा अधिकार मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील उच्च न्यायालयांना साधारणपणे त्या त्या शहराच्या हद्दीपुरताच होता. १९४३ साली प्रिव्ही कौन्सिलने तसे स्पष्टच केले. भरीस भर म्हणून १९३५ च्या भारत सरकार कायद्याने महसुलाच्या बाबतीत उच्च न्यायालयांची मूळ अधिकारिता काढून घेतली होती. जमीनमहसुलाचे तर १८७६ सालीच ठरून गेले होते. त्या वर्षीच्या मुंबई महसूल अधिकारिता कायद्याने आकारणीचे बहुतेक वाद दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले. मामलेदार, प्रांत आणि कलेक्टर यांच्यापुढे अर्ज करीत राहणे एवढेच रयतेच्या हाती उरले होते. राज्यघटनेने ही स्थिती पालटली. महसुलाविषयीचा जुना अडसर दूर झाला आणि अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयाचा आदेश राज्याच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोहोचू लागला.

सांगलीच्या बाबतीत हा बदल आणखी मोठा होता. पटवर्धनांचे सांगली संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. त्यातील दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. विलीन संस्थानांना केंद्राचे करविषयक कायदे १९४९ साली लागू करण्यात आले. संस्थानी अमलाखाली व्यापार केलेल्या पेढ्यांना प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि अधिकाऱ्यांपुढील तारखा एकाएकी सामोऱ्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात देशभर झालेल्या नफेखोरीमुळे करचुकवेगिरी हा राष्ट्रीय प्रश्न बनला होता. मोठ्या करबुडव्यांच्या शोधासाठी १९४७ साली खास चौकशी आयोग नेमला गेला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील एक कळीचे कलम समानतेच्या तत्त्वावर घटनाबाह्य ठरविले. सरकारला कर हवा होता, व्यापाऱ्याला संरक्षण हवे होते आणि दोघांनाही नवी राज्यघटना आपल्याच बाजूची वाटत होती.

जानेवारी १९५७ मध्ये गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची वृत्ती तोपर्यंत सर्वांना ठाऊक झाली होती. १९५५ साली बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनविवादावर त्यांनी एकसदस्य आयोग म्हणून काम केले होते. १९५९ साली असोसिएटेड सिमेंट खटल्यात बोनसच्या सूत्राची त्यांनी केलेली मांडणी गिरणगावात चर्चेचा विषय झाली. कल्याणकारी राज्य चालवायचे तर पैसा लागतो आणि तो करातूनच येतो, ही त्यांची धारणा होती. त्यामुळे कर चुकविणाऱ्याविषयी त्यांच्या मनात सहानुभूती असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांच्या निकालांचे सरळसोट वर्गीकरण करता येत नाही.

मार्च १९६२ मधील पुखराज विरुद्ध डी. आर. कोहली हा निकाल पाहा. रेल्वेने प्रवास करणाऱ्या एका इसमाकडे सोने सापडले. ते चोरट्या मार्गाने आयात झाले असावे, असा अधिकाऱ्यांना वाजवी विश्वास वाटला आणि सोने जप्त झाले. समुद्री जकात कायद्याच्या कलम १७८-अ ची तरतूद मोठी कडक होती. वाजवी विश्वासाने सोने जप्त झाले की ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या हातून ते घेतले त्याच्यावर येई. साहजिकच सारा वाद त्या वाजवी विश्वासाभोवती फिरला. अधिकाऱ्याला असा विश्वास वाटण्याजोगी सामग्री खरोखर होती काय, हे न्यायालयाने नव्याने पडताळावे, अशी अपीलकर्त्याची अपेक्षा होती.

गजेंद्रगडकरांनी ती मान्य केली नाही. अधिकाऱ्याच्या विश्वासावर न्यायालय अपील ऐकण्यास बसलेले नसते, अशी त्यांची भूमिका होती. आपण त्या जागी असतो तर काय मानले असते, हा प्रश्नच न्यायालयापुढे नाही. प्रथमदर्शनी तो विश्वास वाजवी ठरेल असा काही आधार होता की नव्हता, एवढेच पाहायचे. आधार होता असे ठरले आणि अपील फेटाळले गेले. जप्ती, झडती किंवा धाड यांना आव्हान दिले गेले की सरकारी वकील हा निकाल पुढे करतात.

यावरून गजेंद्रगडकरांनी अधिकाऱ्यांना मोकळे रान दिले, असे कोणी म्हणेल. पण पुढच्याच वर्षी त्यांनी लिहिलेले दोन निकाल शेजारी ठेवले की चित्र वेगळे दिसते. पहिला केंद्र सरकारच्या एका अधिकाऱ्याचा. वरिष्ठाला नोट देऊ करून लाच देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप त्याच्यावर होता. चौकशी अधिकाऱ्याने आरोप सिद्ध होत नसल्याचे कळविले. सरकारने ते मानले नाही आणि त्याला बडतर्फ केले. चौकशी अधिकाऱ्याशी असहमत होण्याचा सरकारचा अधिकार गजेंद्रगडकरांनी मान्य केला. त्यानंतर मात्र त्यांनी नोंदीतील पुरावा बारकाईने पाहिला आणि सरकारच्या निष्कर्षाला पुराव्याचा काहीच आधार नाही, असे ठरविले. खात्यांतर्गत चौकशीतही निव्वळ संशयाला पुराव्याची जागा देता येणार नाही, हे तत्त्व या निकालाने पक्के झाले. हा खटला कराचा नव्हे. तथापि, करखात्याने कोणावर लबाडीचा ठपका ठेवला की बचावाचे वकील आजही या तत्त्वाचा आश्रय घेतात.

दुसरा निकाल मद्रासमधील बसमार्गाच्या एका परवान्याचा. उच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय कधी रद्द करावा, याची मोजपट्टीच त्यात आहे. अधिकारिता नसताना दिलेला निर्णय, म्हणणे मांडण्याची संधी न देता दिलेला निर्णय, कागदपत्रांच्या वाचनातूनच उघड होणारी कायद्याची चूक, हे सारे हस्तक्षेपास पात्र. वस्तुस्थितीविषयीची चूक कितीही गंभीर वाटली तरी एरवी पात्र नाही. मात्र ग्राह्य पुरावा नाकारला, अग्राह्य पुरावा विचारात घेतला किंवा पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, तर ती वस्तुस्थितीची चूक राहत नाही, कायद्याची होते. पाच न्यायमूर्तींच्या त्या पीठात न्या. सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले होते. बहुमताची मोजपट्टी टिकली.

हरिपूरच्या पेवाकडे परत गेल्यास या तीन निकालांचा एकत्रित अर्थ लागतो. वह्या उचलून नेण्यासाठी अधिकाऱ्याला केवळ आधार असलेला संशय पुरेसा आहे आणि त्या टप्प्यावर न्यायालय सहसा आडवे येणार नाही. विक्री लपविली असा अंतिम निष्कर्ष काढून दंड ठोठावताना मात्र संशयावर भागत नाही. पुरावा लागतो, त्या पुराव्याला उत्तर देण्याची संधी अडत्याला द्यावी लागते. पुरावा असेल तर तो पुरेसा आहे की नाही, हे उच्च न्यायालय मोजत बसणार नाही. मुळीच नसेल तर निर्णय टिकणार नाही.

आता प्रश्न उरतो तो दाद कोठे मागायची याचा. येथे गजेंद्रगडकरांचे काम अधिक परिणामकारक ठरले, आणि माझ्या मते अधिक कठोरही.

अधिकाऱ्याने चुकीचा कर घेतला तर तो परत मिळविण्यासाठी आपल्या गावच्या दिवाणी न्यायालयात दावा लावणे, हा सामान्य माणसाला कळणारा सरळ मार्ग. कायदे करणाऱ्यांनी तो रोखण्यासाठी मनाईची कलमे घातली होती. १९४० साली सुपारीवरील जकातीच्या एका मद्रासी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने एक फट ठेवली होती. कायद्याच्या तरतुदी पाळल्या गेल्या नसतील किंवा न्यायदानाची मूलभूत तत्त्वे डावलली असतील, तर मनाई असूनही दिवाणी न्यायालय लक्ष घालू शकते, असे त्या निकालात म्हटले होते. १९४७ साली प्राप्तिकराच्या बाबतीत त्याच प्रिव्ही कौन्सिलने दार पुष्कळसे लोटून घेतले. यातील नेमके काय खरे, हा गुंता गजेंद्रगडकरांपुढे आला.

१९६३ साली आंध्रातील भुईमुगाचा व्यापार करणाऱ्या एका पेढीचा दावा आला. पेढीने स्वतःच विवरणपत्र भरले, कर दिला, अपील केले नाही आणि नंतर तो व्यवहार करपात्र नव्हताच असे म्हणून रक्कम परत मागितली. गजेंद्रगडकरांनी दावा चालणार नाही असे ठरविले. खातेअंतर्गत अपिलाची सोय असताना ती न वापरणाऱ्यास दिवाणी न्यायालयाचे दार मोकळे नाही.

खरी कसोटी लागली १९६५ साली, कमला मिल्सच्या खटल्यात. सात न्यायमूर्तींचे पीठ बसले आणि निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी लिहिला. मुंबईच्या या गिरणीने १९४६ च्या मुंबई विक्रीकर कायद्याखाली कर भरला होता. त्यातील काही विक्री राज्याबाहेरची होती आणि अशा विक्रीवर कर लावण्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद २८६ ने राज्यांना मनाई केलेली होती. हे त्या वेळी ना गिरणीला नीट उमगले, ना अधिकाऱ्याला. १९५५ सालच्या बेंगॉल इम्युनिटी खटल्याने चित्र स्पष्ट झाले, तेव्हा चुकून भरलेला कर परत मिळावा म्हणून गिरणीने दावा लावला. आडवे आले ते कलम २०. करनिर्धारणाला कोणत्याही दिवाणी न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे ते कलम सांगत होते. राज्यघटनेने जो कर घेऊ नये म्हटले, तोच घेतला गेला असेल तर अशा निर्धारणाला कलम २० चे कवच कसे मिळेल, असा गिरणीचा युक्तिवाद होता.

युक्तिवाद जोरकस होता. गजेंद्रगडकरांनी तो नाकारला. विशिष्ट विक्री करपात्र आहे की नाही, हे ठरविण्याचे कामच कायद्याने करनिर्धारण अधिकाऱ्याकडे दिले आहे. ते करताना त्याची चूक झाली तर ती त्याच्या अधिकारातील चूक होय. ती सुधारण्यासाठी अपील, पुनरीक्षण आणि उच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट त्याच कायद्यात आहे. रिटचा घटनात्मक मार्ग कलम २० ने बंद होत नाही, होऊही शकत नाही. परंतु हे मार्ग न चोखाळता दिवाणी दावा लावणाऱ्याला तो चालवता येणार नाही. कायद्यात पुरेशी दाद ठेवलेली आहे की नाही, याला त्यांनी या विवेचनात मोठे महत्त्व दिले. गिरणीला पैसे मिळाले नाहीत.

राज्यांच्या तिजोरीच्या दृष्टीने निकालाची उपयुक्तता उघड आहे. नाहीतर प्रत्येक नव्या निकालानंतर जुन्या करांच्या परताव्याचे हजारो दावे उभे राहिले असते. गिरणीने तो कर गिऱ्हाइकांकडून वसूल केलेला असू शकतो, हाही मुद्दा आहेच. पण त्याची दुसरी बाजू साताऱ्यात किंवा सांगलीत उभे राहून पाहिल्यावर कळते. मुंबईच्या गिरणीला उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर होते. कराडच्या गुळाच्या व्यापाऱ्याला आपल्या तालुक्यातील न्यायाधीशापुढे जाण्याची वाट बंद झाली. त्याला प्रथम ज्या खात्याने कर आकारला त्याच खात्यातील वरिष्ठाकडे, मग न्यायाधिकरणाकडे आणि शेवटी मुंबईला जावे लागणार होते. प्रवास, मुक्काम, वकिलाची फी यांचा हिशेब करता हजार-दोन हजारांच्या करासाठी कोण झगडत बसेल? अपील शाखेत एकोणीस वर्षे मोफसलचे पक्षकार पाहिलेल्या न्यायमूर्तींना याची जाणीव नसेल, असे म्हणवत नाही. त्यांनी कायद्याच्या शब्दाला अधिक वजन दिले.

त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयानेच दिलेला आणखी एक निकाल वेगळ्या दिशेचा आहे. विदर्भातील धामणगावच्या नगरपालिकेने कापसाच्या गासड्यांवर घटनेने घातलेल्या २५० रुपयांच्या मर्यादेहून अधिक कर वसूल केला होता. तो परत मागणारा भारत काला भांडारचा दिवाणी दावा न्यायालयाने चालू दिला. या दोन निकालांची सांगड घालण्याचे काम पुढे १९६८ साली धुलाभाई खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी केले. १९९६ साली मफतलाल खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने अप्रत्यक्ष करांच्या परताव्याबाबत कमला मिल्सचीच दिशा बहुतांशी स्वीकारली.

सरन्यायाधीशपदाच्या कारकिर्दीतील अन्य गोष्टी येथे थोडक्यातच सांगतो. उत्तर प्रदेश विधानसभा आणि अलाहाबाद उच्च न्यायालय यांच्यातील १९६४ सालच्या संघर्षात राष्ट्रपतींनी सल्ला मागितला, तेव्हा बहुमताचे मत त्यांनीच लिहिले. १५ मार्च १९६६ रोजी ते निवृत्त झाले. त्यानंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्षपद, जम्मू-काश्मीरविषयक चौकशी आयोग अशा जबाबदाऱ्या त्यांच्याकडे येत राहिल्या. १९७२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

करचुकवेगिरीचा प्रश्न निवृत्तीनंतरही त्यांची पाठ सोडीना. १९७१ साली ते विधी आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९७२ साली आयोगाचा ४७ वा अहवाल सादर झाला. विषय होता सामाजिक व आर्थिक गुन्ह्यांचा खटला आणि शिक्षा. करचुकवेगिरी, तस्करी, परकीय चलनाचे गैरव्यवहार, साठेबाजी हे सारे त्यात होते. काळ्या पैशावरील वांच्छू समितीचा अहवाल नुकताच आला होता. त्या समितीचे अध्यक्ष के. एन. वांच्छू हेही माजी सरन्यायाधीश आणि गजेंद्रगडकरांचे जुने सहकारी. विधी आयोगाने कडक शिक्षा सुचविल्या. त्याचबरोबर अशा खटल्यांत आरोपीच्या मनात दोषयुक्त हेतू होता असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि तो नव्हता हे आरोपीने दाखवावे, अशी शिफारस केली. १९७३ साली सीमाशुल्क कायद्यात आणि १९८६ साली प्राप्तिकर कायद्यात तशी कलमे आली.

संशयाला पुराव्याची जागा देता येणार नाही असे १९६३ साली लिहिणारी व्यक्ती नऊ वर्षांनी गृहीतकाची शिफारस करते, हे प्रथम वाचताना खटकते. मी दोन्ही मजकूर पुन्हा पाहिले, तेव्हा विरोध वाटला त्याहून कमी निघाला. कर चुकविण्याचे कृत्य सरकारलाच सिद्ध करावे लागते, गृहीतक आहे ते केवळ हेतूविषयी, आणि ते खोडून काढण्याची संधी आरोपीला आहे. तरीही लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे ओझे जड आहे. मुनिमाची चूक आणि मालकाचा हेतू यांतील फरक सिद्ध करणे त्याला सोपे नसते. अहवालाचा रोख बड्या करबुडव्यांवर होता. कलम मात्र लहान-मोठा असा भेद करीत नाही.

आणीबाणीच्या काळातही गजेंद्रगडकर विधी आयोगाच्या अध्यक्षपदी होते. १९७७ पर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले. नागरिकाच्या स्वातंत्र्याविषयी आयुष्यभर लिहिणाऱ्या न्यायमूर्तींनी त्या काळात सरकारच्या इतक्या निकट असावे, हे त्यांच्या चाहत्यांपैकी अनेकांना रुचले नाही. त्यांचे चरित्र लिहिताना ही गोष्ट वगळून चालणार नाही.

१२ जून १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'टू द बेस्ट ऑफ माय मेमरी' हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९८३ साली प्रसिद्ध झाले.

ज्या विक्रीकराच्या कलमावर कमला मिल्सचा निकाल झाला, तो कायदा केव्हाच गेला. १९५९ चा विक्रीकर कायदा आला, २००५ साली मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. झडती आणि जप्तीसाठी अधिकाऱ्याला विश्वास वाटण्यास कारण असले पाहिजे, ही अट नव्या कायद्यातही आहे आणि दिवाणी न्यायालयांना मनाई करणारे कलमही आहे. मात्र कमला मिल्सचा निकाल ज्या गृहीतावर उभा होता, म्हणजे करकायद्यातच दाद मागण्याची पुरेशी सोय आहे, ते वस्तू व सेवा कराच्या बाबतीत आठ वर्षे अपुरेच राहिले. कायद्याने सांगितलेले अपिलीय न्यायाधिकरण प्रत्यक्षात नव्हते. खात्याच्या पहिल्या अपिलात हरलेल्या व्यापाऱ्याला एक तर थांबून राहावे लागे किंवा उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागे. न्यायाधिकरणाचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

त्याच्या महिनाभर आधी, १८ ऑगस्ट २०२५ पासून, मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. वकील संघटनांनी यासाठी अनेक वर्षे आंदोलने केली होती. सांगलीच्या मार्केट यार्डातून सकाळी निघालेला अडत्या आता कोल्हापुरात आपली तारीख आटोपून त्याच दिवशी संध्याकाळी पेढीवर परतू शकतो.